इंटरनेटच्या सरकारी मसुद्यावर हरकत कशी लिहावी: आवक-जावक टेबलावरून

नगरपालिकेच्या नगररचना विभागात माझी एकतीस वर्षं गेली. त्यातली बरीचशी हरकती-सूचनांच्या टेबलावर. विकास आराखडा जाहीर झाला, किंवा नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली एखाद्या आरक्षणात फेरबदल निघाला, की महिनाभर लोक अर्ज घेऊन यायचे. मी आवक क्रमांक टाकायचा, पोच द्यायची, गठ्ठे बांधायचे आणि शेवटी साहेबांसाठी तक्ता करायचा. कुठली हरकत त्या तक्त्यात स्वतंत्र ओळ घेऊन बसते आणि कुठली 'इतर ४११ जणांप्रमाणेच' या तीन शब्दांत आटोपते, हे मी माझ्या हातांनी ठरवलेलं आहे. त्याचा अभिमान नाही, पण माहिती पक्की आहे. ती आता भलत्याच ठिकाणी उपयोगी पडते आहे, म्हणून हे टिपण.

माझा भाचा तालुक्याच्या बातम्यांचं व्हिडिओ चॅनेल चालवतो. तो आणि त्याचा मित्र, दोन फोन, एक स्टँड. अडीच वर्षांपूर्वी त्याचा एक व्हिडिओ गायब झाला. आला होता तो फक्त एक ईमेल. सरकारी यंत्रणेच्या विनंतीवरून हा मजकूर भारतात दिसणार नाही, एवढंच त्यात होतं.

"कुठल्या खात्याचं पत्र?" मी विचारलं.

"तेच तर लिहिलेलं नाही ना, आत्या."

"जावक क्रमांक? दिनांक? कुठल्या कलमाखाली?"

त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि खाली सरकवत राहिला, जणू काही खाली कुठेतरी सापडेल. जावक क्रमांक नसलेलं पत्र मी सबंध नोकरीत कधी स्वीकारलं नाही. निनावी अर्जालासुद्धा आमच्याकडे शिक्का बसायचा. तो व्हिडिओ अजून परत आलेला नाही आणि कोणी काढायला लावला हेही कळलेलं नाही.

त्यानंतर मी हे नियम वाचायला घेतले. वाचल्यावर ध्यानात आलं की अशी पत्रं निघू शकतात कारण कुठल्या तरी साली कुठल्या तरी मसुद्यात तसं लिहिलं गेलं. तो मसुदा जाहीर झाला तेव्हा आपण सगळे झोपलेले होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातला वेबसाइटी बंद करण्याचा कलम ६९-अ चा अधिकार घ्या. २००९ च्या नियमावलीतला नियम १६ सांगतो की अशा आदेशांबाबत गुप्तता पाळावी. माहिती अधिकारात विचारलं की उत्तर त्या नियमावर बोट ठेवून येतं. म्हणजे दाद मागायची वेळ आदेशानंतर येते असं आपण समजतो, पण खरी वेळ मसुद्याची असते.

तर मसुदा हाती आला की काय करायचं?

आधी कागद ओळखा

२२ ऑक्टोबर २०२५ ला पाडवा होता. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला भाऊ आणि भाचा माझ्याकडे आले. ताटं वाढायच्या आधीच भाच्याने फोन काढला. व्हॉट्सॲपवर पत्रकारांच्या ग्रुपमध्ये दोन पीडीएफ फिरत होत्या आणि खाली शंभर जणांचं रणकंदन चाललेलं. निम्मे म्हणत होते कायदा झाला, निम्मे म्हणत होते अजून व्हायचाय. दोघांचंही बरोबर होतं, कारण केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने पाडव्याच्या एकाच दिवशी दोन कागद काढले होते.

एक होता अंतिम अधिसूचना. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला नियम ३(१)(ड) बदलून मजकूर हटवायचं पत्र कोणत्या दर्जाचा अधिकारी देऊ शकतो ते त्यात ठरवलं होतं: साधारणपणे सहसचिव आणि त्यावरचे, पोलिसांत उपमहानिरीक्षक आणि त्यावरचे. १५ नोव्हेंबरपासून लागू. त्यावर हरकत घ्यायची सोय नव्हती. दुसरा होता मसुदा, एआयने बनवलेल्या किंवा बदललेल्या मजकुरावर लेबल लावण्याबद्दलचा. त्यावर सूचना मागवल्या होत्या, मुदत ६ नोव्हेंबर, पुढे ती १३ नोव्हेंबरपर्यंत वाढली.

ओळखायची खूण सोपी आहे. अंतिम अधिसूचनेच्या डोक्यावर राजपत्राचा मथळा आणि सा.का.नि. म्हणजे इंग्रजीत जी.एस.आर. असा क्रमांक असतो आणि आत 'या दिनांकापासून अंमलात येतील' असं वाक्य असतं. मसुदाही कधी राजपत्रात निघतो, पण त्यात 'सूचना व अभिप्राय या तारखेपर्यंत' असं असतं. कोण्या ग्रुपवरची पीडीएफ वाचू नका. मंत्रालयाच्या साइटवरून किंवा ई-गॅझेटवरून स्वतः उतरवून घ्या. पहिल्या पानावर तारीख, मंत्रालय, मूळ कायदा आणि शेवटची मुदत या चार गोष्टी लाल पेनने गोल करा. आमच्याकडे लोक सुनावणीला यायचे तेव्हा निम्म्यांना आपली हरकत कोणत्या सूचनेवर आहे हेच ठाऊक नसायचं.

मंत्रालय कुठलं हेही पाहा. इंटरनेटचा बराचसा कारभार इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे आहे, पण डिजिटल बातम्या आणि ओटीटी यांचा भाग माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, दर आणि डेटाच्या किमती ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, इंटरनेट बंद करण्याचे नियम दूरसंचार विभागाकडे. चुकीच्या खात्याला लिहिलेलं उत्तम पत्र हे चुकीचंच पत्र.

मूळ नियम शेजारी ठेवल्याशिवाय वाचू नका

दुरुस्तीचा मसुदा म्हणजे ठिगळ. 'नियम ३, उपनियम (१), खंड (ब) मध्ये अमुक शब्दांनंतर तमुक शब्द समाविष्ट करण्यात येतील' यातून कोणाला काय कळणार? अर्थ लागतो तो मूळ कापडावर ठेवल्यावर. मी २०२१ चे नियम सुधारित स्वरूपात छापून घेतले आहेत, एकाच बाजूला. मसुदा आला की शिसपेन्सिलने ते ठिगळ जागच्या जागी लिहिते. काढलेल्या शब्दांवर आडवी रेघ, घातलेले शब्द वर. तासभर जातो. पण त्या तासात जे दिसतं ते टीव्हीवरच्या चर्चेत दिसत नाही.

मग वाचायचा क्रम. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू नका, दमाल. आधी व्याख्या वाचा. सत्ता व्याख्येत असते. त्यानंतर आकडे शोधा: तास, दिवस, टक्के. मग 'करील' आणि 'करू शकेल' यांच्याखाली रेघ मारा. राजपत्र हिंदी-इंग्रजीत असतं, त्यामुळे मी दोन्ही समोर ठेवते. कुठे बंधन आहे आणि कुठे मर्जी आहे हे एका भाषेत निसटलं तरी दुसरीत पकडता येतं. शेवटी समासात चार प्रश्न लिहा: कोण, किती वेळात, कोणाला सांगून, दाद कुठे. प्रत्येक नियमापुढे या चारांची उत्तरं भरा. जिथे रकाना कोरा राहतो तिथे तुमची हरकत बसते.

भाच्याला हे समजावताना मी फॅक्ट चेक युनिटचं उदाहरण दिलं होतं, कारण ते आपल्याच उच्च न्यायालयात लढलं गेलं. ६ एप्रिल २०२३ ची दुरुस्ती. केंद्र सरकारच्या 'कामकाजा'विषयी जी माहिती सरकारचंच युनिट खोटी, बनावट किंवा दिशाभूल करणारी ठरवील, ती ठेवली तर लोकांच्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार न धरण्याचं समाजमाध्यमांचं कायदेशीर संरक्षण धोक्यात. आता माझे चार रकाने भरा. कोण ठरवणार? सरकार. कोणाविषयी? सरकारविषयीच. बातमी देणाऱ्याला आधी सांगणार? कोरा. दाद? मजकूर काढणार कंपनी, लिहिणारा मात्र तुम्ही. आणि व्याख्या? 'कामकाज' म्हणजे नेमकं काय आणि 'दिशाभूल' कशाला म्हणायचं, तेही कोरं.

कुणाल कामरा आणि इतर याचिकाकर्त्यांनी नेमकी हीच भोकं न्यायालयापुढे ठेवली. ३१ जानेवारी २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्या. गौतम पटेल यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला, न्या. नीला गोखले यांनी तो वैध मानला. तिसरे न्यायमूर्ती अ. स. चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला नियमाच्या विरोधात मत दिलं आणि तो पडला.

यातली एक तारीख मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे. लोकसभेची निवडणूक जाहीर झाली १६ मार्च २०२४ ला. पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) युनिटला या नियमाखाली अधिकृत केल्याची अधिसूचना निघाली २० मार्चला. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्चला तिला स्थगिती दिली. एक दिवस! तंत्रज्ञानाचे नियम आणि देशाचं राजकारण यांचा संबंध काय असा प्रश्न कोणी विचारला तर मी भाषण करत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर दाखवते. तुम्हीही मसुद्याची तारीख नेहमी कॅलेंडरवर ठेवून बघा: अधिवेशन, निवडणूक, सण.

मुदत संपेपर्यंत रोज पान उघडा

हा धडा त्याच प्रकरणातला. जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला जो मसुदा निघाला तो ऑनलाइन गेमिंगचा होता. बातम्या करणाऱ्या माणसाने तो का वाचावा? १७ जानेवारीला त्यातच बनावट बातम्यांचं कलम घुसलं आणि सूचनांसाठी सुरुवातीला २५ जानेवारीपर्यंतची मुदत मिळाली. रमीच्या नियमांत पत्रकारांचं भवितव्य. आमच्या वेळी क्रीडांगणाच्या आरक्षणाच्या फेरबदलात शेवटच्या पानावर एक रस्ता रुंद व्हायचा, तसलाच प्रकार.

म्हणून शीर्षकावर जाऊ नका. मुदतीपर्यंत रोज एकदा ते पान उघडून पीडीएफचा आकार आणि तारीख बघा. बदलली असेल तर दोन्ही प्रती ठेवा.

आणि मुदत किती दिली हेही मोजा. केंद्र सरकारचंच २०१४ चं धोरण आहे, विधिपूर्व विचारविनिमयाचं. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, सोबत त्याचं समर्थन द्यावं, मूलभूत हक्कांवर आणि लोकांच्या उपजीविकेवर काय परिणाम होईल ते सांगावं, असं त्यात म्हटलं आहे. तो कायदा नाही, धोरण आहे. तरी हरकतीत एक वाक्य नक्की लिहा. एआयच्या मसुद्याला सुरुवातीला पंधराच दिवस होते आणि त्यातले चार-पाच दिवाळीत आणि जोडून आलेल्या शनिवार-रविवारात गेले. झेरॉक्सवाला सोमवारपर्यंत बंद, प्रिंट कुठून काढणार?

आता हरकत लिहा, एका पानात

माझ्या टेबलावर एकदा एका बागेच्या आरक्षणावर चारशे बारा अर्ज आले. एकाच मजकुराची झेरॉक्स, फक्त खाली सह्या वेगळ्या. नेत्याने टेम्पोतून पाठवलेले. मी ते मोजले, एक गठ्ठा केला आणि तक्त्यात एक ओळ लिहिली. त्याच दिवशी एक पेन्शनर गुरुजी वहीच्या पानावर हाताने लिहिलेली हरकत घेऊन आले. सर्व्हे नंबर, त्यातली विहीर, पावसाळ्यात पाणी कुठून कुठे जातं त्याचा पेन्सिलीचा नकाशा. सुनावणीत साहेबांनी वीस मिनिटं गुरुजींना दिली. गठ्ठ्याला पाच.

देशपातळीवर हेच घडलेलं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने विचारलं होतं की वेगवेगळ्या साइटींसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का. फेसबुकला तेव्हा ठरावीक साइटी फुकट दाखवणारं आपलं 'फ्री बेसिक्स' आणायचं होतं. त्यांनी वापरकर्त्यांना एक बटण दिलं, दाबलं की ठरावीक मजकुराचं पत्र ट्रायला. लाखो पत्रं गेली. ट्रायचं म्हणणं पडलं की आम्ही विचारलेले प्रश्न चार, आणि यात त्यांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या दरांवर बंदीचा नियम आला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ च्या एप्रिलमध्ये, नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या साइटींना सारखी वागणूक द्यावी या बाजूने दहा लाखांवर ईमेल गेले होते. तेही बरेचसे तयार मजकुराचे, पण ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्या मजकुरात होती. वातावरण तापवायला गठ्ठा कामी येतो, मी नाही म्हणत नाही. खासदार गठ्ठे मोजतात. पण कलमातला शब्द बदलायचा असेल तर गुरुजींसारखं लिहा.

आराखडा असा ठेवा: तुम्ही कोण आणि काय काम करता हे दोन ओळींत. नियमाचा क्रमांक खंडासकट. मसुद्यातले नेमके शब्द अवतरणात. त्या शब्दांमुळे तुमच्या रोजच्या कामात काय अडेल, एक प्रसंग देऊन. आणि शेवटी पर्यायी शब्द. हा शेवटचा भाग लोक हमखास गाळतात. 'हा नियम रद्द करावा' असं लिहिलं की कारकून शेरा मारतो: 'धोरणात्मक बाब, स्वीकारता येत नाही'. तुम्ही परंतुकच, म्हणजे नियमाला जोडायचं अपवादाचं वाक्यच, लिहून दिलंत तर त्याला निदान ते उतरवावं लागतं.

भाच्याची हरकत आम्ही भाऊबीजेच्या रात्री फराळाची ताटं सारून लिहिली. थोडी आटपून देते:

'आम्ही दोन जण तालुका पातळीवर मराठीत बातम्यांचे व्हिडिओ करतो. मसुद्यातील व्याख्येनुसार संगणकीय साधनाने कृत्रिमरीत्या किंवा अल्गोरिदमने तयार केलेली, बदललेली आणि वाजवीपणे खरी वाटणारी माहिती लेबलास पात्र ठरते. आठवडी बाजारात घेतलेल्या मुलाखतीतला गोंगाट आम्ही फोनवरील ॲपने कमी करतो. ॲप आवाजात बदल करतं आणि ऐकणाऱ्याला तो आवाज खरा वाटतो, कारण तो खराच असतो. शेतकऱ्याच्या खऱ्या बोलण्यावर बनावटीचा शिक्का बसल्यास प्रेक्षक ते खोटं समजतील. तसेच दृश्याच्या किमान १० टक्के भागावर लेबल असावं या अटीमुळे फोनच्या पडद्यावर उपशीर्षकांना जागा उरत नाही. सूचना: आशय न बदलता केलेली आवाजाची स्वच्छता, रंगदुरुस्ती, काटछाट आणि उपशीर्षकं या व्याख्येत मोडणार नाहीत, असं परंतुक जोडावं. टक्केवारीऐवजी लेबल स्पष्ट दिसेल असं असावं, एवढंच म्हणावं.'

भाच्याला त्यात लोकशाही, गळचेपी, आणीबाणी वगैरे घालायचं होतं. मी काढायला लावलं. "अरे, ते तुझ्या व्हिडिओत बोल. इथे गोंगाट आणि बाजार एवढंच ठेव." विशेषणांनी भरलेला अर्ज वाचणारा विशेषणांवरूनच शेरा मारतो.

भाषेचं म्हणाल तर मराठीत लिहा, खाली इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा. दिल्लीच्या टेबलावर मराठी वाचणारा असेलच असं नाही, आणि न वाचलेल्या पत्राला मराठीचा अभिमान वाचवत नाही. पीडीएफला नीट नाव द्या: नियम क्रमांक, तुमचं नाव, तारीख. 'नवीन डॉक्युमेंट ३' पाठवू नका.

पाठवताना

दोन टोकाचे अनुभव आहेत. २७ एप्रिल २०१५ ला ट्रायने नेट न्यूट्रॅलिटीवर आलेले अभिप्राय जाहीर केले ते लोकांच्या ईमेल पत्त्यांसकट. दहा लाख पत्ते उघड्यावर. उलट जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा मंत्रालयाने सांगितलं की आलेल्या सूचना आम्ही विश्वस्त म्हणून जपू, उघड करणार नाही. म्हणजे कोणी काय मागितलं, मोठ्या कंपन्यांनी कुठला शब्द बदलून घेतला, हे तुम्हाला कळणार नाही. आमच्याकडे हरकतींचं रजिस्टर कोणीही येऊन पाहू शकायचं. काही जण नुसतं शेजाऱ्याने काय लिहिलंय ते बघायला यायचे.

म्हणून दोन गोष्टी करा. हरकतीसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवा, पत्रात घरचा पत्ता आणि फोन गरजेपुरताच. आणि तुमची हरकत तुम्हीच जाहीर करा. पाठवल्याच्या दिवशी ती आपल्या चॅनेलवर, ग्रुपवर टाका. एक प्रत खासदाराच्या कार्यालयात द्या आणि तिथे पोच घ्या, शिक्क्यासह. दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञानाची संसदीय स्थायी समिती आहे. आपल्या भागातला कोणी खासदार तिच्यावर असेल तर त्याला आवर्जून.

सरकारच्या मायगव्ह साइटच्या फॉर्मवर भरत असाल तर आधी मजकूर दुसरीकडे लिहून ठेवा. पान मध्येच लटकतं आणि सगळं जातं. दोनदा भोगलंय. 'सबमिट' झाल्यावरच्या पडद्याचा फोटो काढा. तीच तुमची पोच.

मसुदाच हाती आला नाही तर? तेही होतं. प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये सगळ्यांसाठी जाहीर झाला. मग २०२४ च्या जुलैत सुधारित मसुदा निवडक मंडळींनाच दिल्याच्या बातम्या आल्या, त्यात भाच्यासारखे व्हिडिओ करणारेही 'डिजिटल बातम्यांचे प्रसारक' होणार अशी चर्चा. ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने जुन्याच मसुद्यावर १५ ऑक्टोबरपर्यंत सूचना मागवल्या आणि नवा मसुदा नंतर काढू म्हणून सांगितलं. अशा वेळी फुटलेल्या प्रतीवर हरकत लिहू नका. 'मसुदा जाहीर करावा' एवढंच पत्र २०१४ च्या धोरणाचा हवाला देऊन पाठवा.

नंतरचं काम, जे कोणी करत नाही

अंतिम नियम आले की पुन्हा शिसपेन्सिल. मसुदा डावीकडे, अधिसूचना उजवीकडे.

एआयच्या लेबलचे अंतिम नियम १० फेब्रुवारी २०२६ ला निघाले, २० पासून लागू झाले. भाचा नाचतच आला. १० टक्क्यांची अट गेली होती. आवाजाची स्वच्छता, रंगदुरुस्ती यांसारखं नेहमीचं संपादन व्याख्येतून वगळलं होतं. ते आमच्या पत्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही. मोठमोठ्या कंपन्यांनीही तेच मागितलं असणार. पण मी त्याला खाली बसवलं आणि आकडे शोधायला लावले. सरकारी किंवा न्यायालयाच्या आदेशावर मजकूर हटवायला आधी ३६ तास होते. आता ३ तास. ऑक्टोबरच्या मसुद्यात याच्यावर आम्हाला काही आढळलं नव्हतं, म्हणून आमच्या हरकतीत एक शब्दही नव्हता.

तीन तासांत कंपनीचा माणूस काय तपासणार? पत्र आलं की काढून मोकळा होईल. भाच्याचा तो जुना व्हिडिओ ३६ तासांच्या काळातला होता, तरी त्याला कोणी विचारलं नव्हतं. सरकारच्या 'सहयोग' पोर्टलवरून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९(३)(ब) खाली जाणाऱ्या अशा पत्रांना एक्स (आधीचं ट्विटर) कंपनीने कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, ते सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं गेलं. त्यामुळे हे कुठल्या टोकाला जाईल ते बघायचं.

अंतिम नियमांनंतरही एक खिडकी राहते, ती फार कमी लोकांना माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८७ नुसार हे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावे लागतात आणि सभागृहं ते बदलू किंवा रद्द करू शकतात. प्रत्यक्षात क्वचितच. पण खासदाराला पत्र लिहायला कारण मिळतं, आणि तारांकित प्रश्नाचं उत्तर सभागृहाच्या नोंदीत छापलं जातं, जे माहिती अधिकारात कधी मिळालं नसतं. माहिती अधिकाराचंही आता जपून. डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललं आहे, आणि 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की नकार द्यायला सोपं झालं आहे. तेव्हा व्यक्तींची नावं मागू नका. किती सूचना आल्या, त्यांचा गोषवारा कुठे आहे, कोणत्या तारखेला फाइल कोणाकडे गेली, असं विचारा.

आणि हरकतीची प्रत जपा. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरासाठी अटक झाली, एकीने लिहिलं म्हणून आणि दुसरीने लाइक केलं म्हणून. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा करणारं कलम ६६-अ तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. २०२१ च्या नियमांतला डिजिटल माध्यमांच्या आचारसंहितेचा नियम ९(१) आणि ९(३) मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या १४ ऑगस्टला स्थगित केला, पत्रकार निखिल वागळे आणि 'द लीफलेट' हे संकेतस्थळ यांच्या याचिकांवर. आपण तर कोर्टात जाणारी माणसं नाही. पण जो कोणी जाईल त्याला 'हे आम्ही मसुद्याच्या वेळीच सांगितलं होतं' असा तारखेचा कागद लागतो. माझ्या नस्तीत अशा सतरा पोचा आहेत. पहिल्या चार नुसते स्क्रीनशॉट, तेही तारीख न दिसणारे. तेवढं टाळा.

भाच्याने परवा विचारलं, पुढचा मसुदा आला की दोन्ही बाजूंनी छापू का, कागद वाचेल. नको म्हटलं. मागचं पान कोरं लागतं, पेन्सिलीने लिहायला.